एसओ_टीएक्सटाइमची टेस्ट सारखी फेल होतेय? आधी किती चुकलं तो आकडा बघा

लिनक्समध्ये पॅकेटला मुहूर्त लावून पाठवायची सोय कर्नल ४.१९ पासून आहे, म्हणजे २०१८ पासून. सॉकेटवर एसओ_टीएक्सटाइम हा पर्याय लावायचा, प्रत्येक पॅकेटसोबत नॅनोसेकंदात वेळ द्यायची, आणि खाली बसलेला क्यूडिस्क (पॅकेटांची रांग सांभाळणारा कर्नलचा भाग, इथे एफक्यू नाहीतर ईटीएफ) ते पॅकेट त्या वेळेपर्यंत धरून ठेवतो. कर्नलसोबत येणाऱ्या चाचण्यांमध्ये, म्हणजे सेल्फटेस्टमध्ये, याची एक छोटीशी टेस्ट आहे, ती आमच्याकडे प्रत्येक नव्या बोर्डवर आणि प्रत्येक कर्नल अपग्रेडला चालते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी डेस्कपाशी येऊन उभं राहतं की ताई, टीएक्सटाइम परत लाल झालंय. एवढ्या वेळा तेच ते सांगून झालंय की आता एकदाच लिहून ठेवते. कमांड बोलतो तशाच लिहिल्यात, समजून घ्या.

लक्षणं, यातलं तुमचं कुठलं ते आधी ठरवा

- पॅकेट लगेच येतं. १० मिलिसेकंदांनी यायला हवं होतं, आउटपुटमध्ये डिले शंभर-दोनशे मायक्रोसेकंदच दिसतो.
- पॅकेट येतच नाही, रिसीव्हर टाइमआउट होऊन बसतो. कधी सोबत "मिस्ड टीएक्सटाइम" किंवा "इनव्हॅलिड टीएक्सटाइम" असा मेसेज.
- येतं पण थोडं उशिरा, आणि रोज नाही. सकाळी पास, रात्रीच्या रनला फेल.
- बरोब्बर ३७ सेकंदांचा घोळ.
- दोन पॅकेटं पाठवली, ती भलत्याच क्रमाने किंवा दोन्ही एकदमच आली.
- ईटीएफचा भाग "स्किपिंग" म्हणून निघून जातो, खाली सगळं हिरवं, आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही की तो भाग चाललाच नाही.
- टेस्ट राहू दे, मशीनचं एसएसएचच गेलं. हसू नका.

माझा अनुभव असा की लोक लक्षण न बघता थेट टेस्टमधली सूट वाढवायला धावतात. टेस्ट ४००० मायक्रोसेकंद, म्हणजे ४ मिलिसेकंद इकडेतिकडे चालवून घेते, ते कुणीतरी १०००० करतं आणि मग पास! अहो, टेस्टच १० मिलिसेकंदांच्या मुहूर्तावर आहे, फरक दोन्ही बाजूंनी मोजला जातो, म्हणजे सूट १० मिलिसेकंद केली की ० ला निघालेलं पॅकेटसुद्धा पास होणार. मुहूर्त पाळला की नाही हे बघायचं होतं तेच गेलं. तो आकडा शेवटपर्यंत हलवायचा नाही, कारण दोष कुठे आहे ते त्या आकड्यावरूनच कळतं. म्हणून टर्मिनलमधली ओळ नीट वाचा, ती अशी असते:

पेलोड:ए डिले:१४३१२ एक्स्पेक्टेड:१०००० (यूएस)

इथे ४३१२ ने चुकलंय, सुटीच्या जरा बाहेर, म्हणजे यंत्रणा चालू आहे, मशीन दमलंय. हाच डिले १८० असता तर क्यूडिस्कने पॅकेटकडे बघितलंच नाही. दोन्ही फेलच, पण शोधायच्या जागा पार वेगळ्या.

१. क्यूडिस्क बसलाय का

फुकटातलं आणि दहा सेकंदांचं काम. टीसी ही क्यूडिस्क लावायची आणि बघायची कमांड. "टीसी डॅश-एस क्यूडिस्क शो डेव्ह" आणि पुढे इंटरफेसचं नाव. पॅकेट लगेच निघत असेल तर मी बघितलेल्या दहातल्या आठ केसेस इथेच संपतात. बऱ्याच डिस्ट्रोवर डिफॉल्ट एफक्यू-कोडेल असतो, नाव एफक्यूसारखं दिसतं म्हणून माणूस फसतो, पण तो वेगळा प्राणी आहे, पॅकेटवर लिहिलेली वेळ तो वाचत नाही. लूपबॅकवर, म्हणजे मशीनच्या स्वतःशीच बोलायच्या इंटरफेसवर, तर डिफॉल्ट नोक्यू, म्हणजे रांगच नाही, धरून ठेवणार कोण. आणि टीसीची सेटिंग्ज रीबूटला पुसली जातात, काल लावलं होतं या म्हणण्याला काही अर्थ नाही.

दुसरी गंमत, टेस्ट आपली स्वतःची नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे नेटवर्कची वेगळी खोली, तयार करते, नव्या आवृत्तीत दोन नेमस्पेस आणि मधे व्हेथची (आभासी नेटवर्क कार्डांची) जोडी. तुम्ही बाहेर होस्टवर टीसी मारून बघत असाल तर तुम्ही शेजारच्या घरात डोकावताय. बघायचं तर त्याच नेमस्पेसमध्ये शिरून बघा.

आणि जर तुमचा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये असेल आणि एफक्यू होस्टच्या कार्डवर, तर कर्नल विचारा. ५.१८ च्या आधी पॅकेट नेमस्पेस ओलांडताना त्याच्यावरची वेळ पुसली जायची, होस्टच्या एफक्यूला कोरं पॅकेट मिळायचं आणि तो बिचारा लगेच पाठवून द्यायचा. ५.१८ पासून मोनोटॉनिक वेळ टिकते. यावर मी एकदा अख्खा गुरुवार घालवलाय.

२. मॉड्यूल आणि टीसीची आवृत्ती

"स्किपिंग" दिसलं तर इथे. कर्नल कॉन्फिगमध्ये एफक्यू आणि ईटीएफ दोन्ही शेड्युलर चालू आहेत का बघा, आणि आयपीरूट२, म्हणजे ज्यात टीसी येते ते पॅकेज, जुनं नाही ना. कर्नल नवाकोरा पण बोर्डच्या इमेजमधली टीसी बाबा आदमच्या काळची, हे एम्बेडेडमध्ये नेहमीचंच. अपग्रेड करा, पुढे चला.

३. घड्याळ कुठलं

एफक्यूचा हिशोब मोनोटॉनिक घड्याळावर, म्हणजे मशीन चालू झाल्यापासूनचं. ईटीएफ फक्त टीएआय (लीप सेकंद न धरणारं आंतरराष्ट्रीय अणुवेळेचं) घड्याळ घेतो, दुसरं दिलं तर क्यूडिस्क लागतच नाही. सॉकेटला सांगितलेलं घड्याळ आणि क्यूडिस्कचं घड्याळ एकच पाहिजे, लग्नाची पत्रिका एका पंचांगावरून आणि हॉलचं बुकिंग दुसऱ्यावरून असं चालत नाही. ईटीएफ घड्याळ जुळवून बघतो, नाही जुळलं तर पॅकेट तिथेच फेकतो, हे ते "इनव्हॅलिड".

एफक्यूकडे टीएआयची वेळ दिली तर मजा बघा. टीएआयचा आकडा १९७० पासूनचा, मोनोटॉनिकचा आज सकाळी मशीन चालू केलं तेव्हापासूनचा. म्हणजे एफक्यूच्या नजरेत तुमचा मुहूर्त पन्नासहून जास्त वर्षं पुढचा. आताच्या कर्नलमध्ये एफक्यूला होरायझन असतं, डिफॉल्ट १० सेकंद, त्याच्या पलीकडचं पॅकेट तो टाकून देतो आणि टीसी डॅश-एसमध्ये त्याची मोजणी वेगळी दिसते. ती वाढत असेल तर दुसरीकडे कुठे बघू नका.

मोनोटॉनिक सोडून दुसरं घड्याळ सॉकेटला लावायला नेट-अॅडमिनचा अधिकार लागतो, त्यामुळे रूटने चालतं आणि साध्या युजरने सॉकेटवर पर्याय लावणारं सेटसॉकऑप्टच फेल होतं, तेही लक्षात असू द्या.

४. ३७ सेकंद

सेल्फटेस्ट वेळ थेट टीएआय घड्याळातूनच घेते म्हणून तिच्यात हा घोळ सहसा दिसत नाही, पण त्याच टेस्टवरून स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणारे यात हमखास अडकतात. टीएआय आपल्या यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे, १ जानेवारी २०१७ पासून तेवढंच. पण कर्नलला हे जन्मतः माहीत नसतं! ऑफसेट सुरुवातीला शून्य असतो, क्रोनी किंवा पीटीपीचा डीमन (मागे चालत राहून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) सांगेपर्यंत टीएआय आणि रिअलटाइम (नेहमीचं यूटीसी) घड्याळ एकच वेळ दाखवतात.

मग होतं काय, एकाने कोडमध्ये रिअलटाइम अधिक ३७ असं हाताने लिहिलेलं असतं, मशीनवर ऑफसेट शून्य, पॅकेट ३७ सेकंद रांगेत ताटकळत. दुसऱ्याने नुसती रिअलटाइम वेळ भरलेली असते, त्याच्या मशीनवर ऑफसेट लागलेला, मग प्रत्येक पॅकेटचा मुहूर्त ३७ सेकंदांपूर्वीच टळलेला आणि ईटीएफ सगळी फेकतो. दोघंही म्हणतात माझ्या मशीनवर चालत होतं, आणि खरंच चालत होतं.

तपासायला पायथन ३.९ किंवा पुढचं असेल तर टाइम मॉड्यूलमधून टीएआय आणि रिअलटाइम दोन्ही एका ओळीत छापा, वजाबाकी ० येते की ३७ ते बघा. कोडमध्ये ३७ हा आकडा कुठेही हाताने लिहिलेला असेल तर काढून टाका, थेट टीएआय घड्याळच वाचा. आणि डीमन उठायच्या आधी टेस्ट सुरू होत असेल तर मधेच घड्याळ ३७ ने उडी मारतं, म्हणून सुरुवातीचा क्रम नीट लावा.

५. पॅकेट गेलं कुठे

ईटीएफचा स्वभाव कडक आहे. उशीर झाला की पॅकेट पाठवत नाही, टाकतो. एफक्यू मवाळ, उशीर झाला तरी पाठवतो. त्यामुळे एकच आजार, मशीन मंद असणं, एफक्यूमध्ये "उशिरा आलं" असा दिसतो आणि ईटीएफमध्ये "आलंच नाही" असा. हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

वेळ ० दिली तर एफक्यूत पास आणि ईटीएफमध्ये पॅकेट गायब, हे बरोबरच आहे, कारण रांगेपर्यंत पोचेतो ती वेळ टळलेलीच असते. वेळ न देता पाठवलं तर ईटीएफ तेही टाकतो. टेस्टलाही हेच अपेक्षित आहे, तिथे फेल होणं म्हणजे पास. नवीन मुलं या दोन ओळी बघून बग फाइल करतात.

आता डेल्टा. मुहूर्ताच्या किती आधी ईटीएफने जागं व्हायचं तो आकडा, नॅनोसेकंदात. टेस्ट ४००००० देते, म्हणजे ०.४ मिलिसेकंद. डिफॉल्ट शून्य आहे, आणि शून्यावर ठेवलं तर जाग येईपर्यंत वेळ टळते आणि पॅकेट कचऱ्यात. मंद बोर्डवर थोडं वाढवून बघा, पण एक भान ठेवा, कार्ड स्वतः वेळ पाळणारं नसेल तर पॅकेट तेवढंच आधी निघून जातं. लवकर पोचतंय म्हणून तक्रार असेल तर डेल्टाच बघा.

सॉकेट लावताना एररचा रिपोर्ट मागणारा फ्लॅग चालू करा आणि एरर क्यू वाचा. टाकलेलं पॅकेट का टाकलं, दिलेलं पॅरामीटर चुकीचं की वेळ टळली, हे कर्नल स्वतः सांगतो. अंदाज बांधायची गरजच नाही, तरी लोक बांधतात.

६. क्रम उलटा आला

बहुतेक वेळा हा दोषच नाही. टेस्ट पहिलं पॅकेट ए २० मिलिसेकंदांना आणि मागोमाग बी १० ला असं पाठवते. ईटीएफ वेळेनुसार लावतो, बी १० ला, ए २० ला. एफक्यू मात्र एका सॉकेटच्या पॅकेटांना एक फ्लो मानतो, ए मुळे तो फ्लो २० पर्यंत थांबवलेला, म्हणून बी आधी येतो खरा पण दोन्ही २० लाच. टेस्टमध्ये अपेक्षित उत्तरंही तशीच वेगवेगळी आहेत. यावर एक माणूस माझ्याशी पाऊण तास भांडलाय.

७. मशीनची दमछाक

कधी पास कधी फेल, आणि चूक ४ ते १५ मिलिसेकंदांत, तर इथे. आमच्याकडे सोळा व्हर्च्युअल मशीन एकाच डब्यावर रात्री दोनला एकदम उठायच्या, सगळ्या एकाच वेळी कर्नल बूट करणार, त्यात दोघींमध्ये कासान, म्हणजे मेमरीच्या चुका शोधणारी आणि मशीन मंद करणारी तपासणी, चालू. त्या वेळेला टाइमर वेळेवर वाजणार कसा? सकाळी मी एकटी चालवली की पास. शेवटी रनच्या वेळा पाच-पाच मिनिटांनी सरकवल्या, कोडची एक ओळ बदलली नाही.

दोन नेमस्पेसवाल्या आवृत्तीत पाठवणारा आणि घेणारा वेगळे प्रोसेस असतात, दोघांना साधारण ०.१ सेकंद पुढची एकच सुरुवात दिली जाते. मशीनला प्रोसेस उभं करायलाच त्याहून जास्त लागले तर खेळ सुरू व्हायच्या आधीच हरला. केव्हीएमशिवाय, म्हणजे प्रोसेसरच्या मदतीशिवाय, चालवलेल्या क्यूईएमयूच्या व्हर्च्युअल मशीनवर हे नेहमी होतं. स्क्रिप्टला मशीन मंद आहे असं सांगायचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, केएसएफटी_मशीन_स्लो, ते लावलं की एरर माफ होतात. मंद मशीनवर ते लावणं प्रामाणिकपणाचं, निदान लॉगमध्ये तसं लिहून येतं, गुपचूप सूट वाढवण्यापेक्षा बरं.

त्यानंतर हे बघा:

प्रॉकमधल्या टाइमर-लिस्टमध्ये रिझोल्यूशन १ नॅनोसेकंद आहे का. हाय रेझोल्यूशन टाइमर बंद असलेला कर्नल असेल तर टाइमर जिफीच्या ठोक्यावर चालतो, एचझेड (सेकंदाला किती ठोके) २५० असेल तर ठोका ४ मिलिसेकंदांचा, म्हणजे टेस्टची सगळी सूट एका ठोक्यात संपली, आणि १०० असेल तर १० मिलिसेकंद, मग पासची आशाच सोडा. एका बोर्डची डीफकॉन्फिग (कर्नलची मूळ सेटिंग्ज) कुणीतरी बॅटरी वाचवायला कापून ठेवली होती, त्यात हा टाइमरही गेलेला, चूक कायम ठोक्याच्या पटीत येत होती. चार-पाच रनचे आकडे एका खाली एक लिहिले तेव्हा दिसलं.

क्लॉकसोर्स, म्हणजे कर्नल वेळ जिथून वाचतो ते, टीएससी (प्रोसेसरमधलं, वेगवान) आहे की एचपेट (प्रोसेसरबाहेरचं, मंद). डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) टीएससी अनस्टेबल अशी ओळ आली असेल तर मशीनने घड्याळच बदललंय.

सीपीयूचा गव्हर्नर परफॉर्मन्सवर टाकून एकदा चालवा, मंद वेगावर टाकलेल्या सीपीयूला वेग वाढवायला वेळ लागतो. फरक पडला तर कारण सापडलं.

८. खऱ्या कार्डवर जायच्या आधी, एसएसएचची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या शहरातल्या लॅबमधल्या बोर्डवर बसले होते, घरून, रात्री अकराला. व्हेथवर सगळं पास झालं म्हणून हौसेने खऱ्या इंटरफेसच्या रूटला ईटीएफ लावला. एंटर दाबलं आणि टर्मिनल गोठलं. अर्थातच! ईटीएफ एसओ_टीएक्सटाइम नसलेल्या सॉकेटचं पॅकेट टाकतो, म्हणजे एसएसएच गेलं, आणि एआरपीला तर सॉकेटच नसतो म्हणजे पिंगही गेलं. तिकडच्या वॉचमन काकांना फोन लावला, "काका, दुसऱ्या रॅकचं लाल बटण, हो तेच, बंद करून चालू करा." रीबूटला टीसी पुसली गेली आणि बोर्ड परत आला. काका अजून विचारतात, ताई लाल बटण दाबू का.

तेव्हापासून नियम: एकाच कार्डवर बसून काम असेल तर ईटीएफ रूटला कधीच नाही, वर एमक्यूप्रायो किंवा टॅप्रिओ (ट्रॅफिक कार्डाच्या रांगांत वाटणारे क्यूडिस्क) आणि ईटीएफ त्याच्या एकाच रांगेवर, बाकी ट्रॅफिक दुसऱ्या रांगांतून. आणि आधी बॅकग्राउंडला साठ सेकंदांनी रूटचा क्यूडिस्क काढणारी कमांड सोडून ठेवायची, चाललं तर ती मारायची, नाही चाललं तर तीच तुम्हाला वाचवेल.

९. हार्डवेअर ऑफलोड

इथून खर्च सुरू होतो. वेळ कार्डनेच पाळायची असेल तर कार्डात ती सोय लागते, इंटेलचं आय२१० हे नेहमीचं उदाहरण, त्यातही फक्त रांग ० आणि १ ला. रांग २ वर ऑफलोड लावलं तर एरर परत येते, मग लोक कार्ड बदलायला निघतात. रांग बदला.

कार्डाचं स्वतःचं घड्याळ असतं, ते सिस्टमच्या घड्याळाशी जुळवलेलं नसेल तर वरचं सगळं बरोबर असून पॅकेट भलत्या वेळी जातं. ईथटूल डॅश कॅपिटल-टीने कार्डाला पीटीपी घड्याळ आहे का बघा, मग पीटीपी-फोर-एल आणि पीएचसी-टू-सिस हे घड्याळं जुळवणारे प्रोग्रॅम दोन्ही चालू आहेत का, आणि त्यांच्या लॉगमधला ऑफसेट स्थिरावलाय का. तो भटकत असेल तर टेस्ट चालवूच नका, वेळ वाया. मोजतानाही समोरच्या कार्डाचा हार्डवेअर टाइमस्टॅम्प घ्या, सॉफ्टवेअरच्या घड्याळाने मायक्रोसेकंद मोजणं म्हणजे भाजीवाल्याच्या काट्यावर सोनं तोलणं.

थांबायचं कुठे

वरचं सगळं झालं, खऱ्या मशीनवर, दुसरं काही चालू नसताना, मेनलाइन कर्नलवर, पन्नास वेळा चालवून तोच आकडा तशाच चुकीने येतोय, आणि आधीच्या आवृत्तीवर येत नव्हता, तर तो कर्नलचा दोष असण्याची शक्यता खरी. गिट बायसेक्ट (कोडमधल्या कुठल्या बदलाने बिघडलं ते शोधणं) जमत असेल तर करा, नाही जमत तर इथेच थांबा आणि कर्नलवर काम करणाऱ्या माणसाला द्या. गेट-मेंटेनर स्क्रिप्टला एफक्यू किंवा ईटीएफची फाइल दिली की कुणाला लिहायचं ते कळतं.

पीटीपीचा ऑफसेट स्थिर होत नसेल तर दोष स्विच किंवा मुख्य घड्याळाकडे असू शकतो, ते नेटवर्कवाल्यांचं काम, टीसी कितीही फिरवा तिथे हात पोचत नाही. एकच कार्ड बिघडतंय आणि त्याच मॉडेलचं दुसरं नीट चालतंय तर कार्ड विक्रेत्याकडे परत.

आणि हे मशीन फॅक्टरीतल्या चालू लाइनवरचं असेल, म्हणजे त्या पॅकेटांवर मोटर किंवा रोबोटचा हात हलत असेल, तर पहिली तपासणी सोडून यातलं काहीही स्वतः करू नका. पहिली नुसती वाचायची कमांड आहे, बाकीच्यांतल्या बऱ्याच काहीतरी बदलतात. लाइन बसवणाऱ्या ऑटोमेशनवाल्यांना बोलवा, लाइन बंद असतानाच हात लावू द्या.

ज्याच्याकडे द्याल त्याला एवढं द्या: कर्नल आणि टीसीची आवृत्ती, टीसी डॅश-एसचं टेस्टआधीचं आणि नंतरचं आउटपुट, टीएआय-रिअलटाइमची वजाबाकी, आणि निदान वीस रनच्या डिलेच्या ओळी जशाच्या तशा. "कधीकधी फेल होतं" एवढंच लिहून पाठवलंत तर तो पहिला प्रश्न हेच सगळं मागणारा विचारेल आणि दोन दिवस त्यातच जातील.